दहाला काटा चढला नाही

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये असं माझ्या सुनेचं म्हणणं आहे. मी तिला म्हटलं, मग हे प्रकरणच नको लिहायला बाई, कारण तात्याबद्दल माझ्याकडे चांगलं असं फारसं काही शिल्लक नाही. तो आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, थोरला चुलतभाऊ. कवठे महांकाळच्या पुढे आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर त्याचा मळा होता, द्राक्षाच्या बागा होत्या आणि बेदाणा वाळवायची ती लांबलचक शेड होती. गावात त्याचा शब्द चालायचा आणि त्यालाही ते ठाऊक होतं. त्या माणसाचा मी सूड घेतला. शब्द मोठा आहे, पण दुसरा मला सापडत नाही आणि या वयात मी तो शोधत बसणारही नाही.

आमचं घर पत्र्याचं, दोन खोल्या आणि पुढे सारवलेला ओटा. उन्हाळ्यात पत्रा तापला की दिवसभर कडाकड वाजायचा आणि संध्याकाळी निवताना पुन्हा वाजायचा. आई चुलीपुढे बसून बाजरीच्या भाकरी थापायची, तिच्या बांगड्या आणि परात यांचा एक ठेका होता, त्यावर मला सकाळी जाग यायची. कालवणाला हुलगे, मटकी, कधी नुसता शेंगदाण्याचा खर्डा. पण आप्पांचं अर्धं आयुष्य नेव्हीत गेलेलं, त्यांच्या जिभेला मासळीची चटक. ते आठवडी बाजारातून वाळके बोंबील आणायचे आणि आई नाकाला पदर लावून ते निखाऱ्यावर भाजायची. "सगळी दुनिया मिल्ट्रीतनं येताना दारू आणती, ह्यांनी ह्यो वास आणला," असं म्हणत म्हणत सगळ्यात मोठा बोंबील त्यांच्याच ताटात टाकायची. आमच्या भागातली पोरं लष्करात जायची, घराघरात एक फौजी होता. नेव्हीतले मात्र एकटे आप्पाच. जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे समुद्रावरून आलेल्या माणसाचं लोकांना आधी कौतुक वाटलं आणि मग हसू यायला लागलं.

आप्पा जहाजावर हवामान बघणाऱ्यांतले. सुटून येताना त्यांनी मुंबईत एका जुन्या बाजारातून पितळेचा वायुभारमापक घेतला होता. गोल, ताटलीएवढा, पुढे काच आणि आत एक काटा. देवळीशेजारी तो खिळ्याला टांगलेला असायचा. आई देवाला हळद-कुंकू वाहताना त्यालाही एक बोट लावायची, आणि आप्पा रोज ते काचेवरून पुसून काढायचे. शेजारीपाजारी त्याला घड्याळच म्हणत. एका म्हातारीने तर आप्पांना विचारलंही होतं, "आवं म्हादबा, तुमचं घड्याळ कवापासनं बंद हाय?"

मला तो वाचायला त्यांनीच शिकवला. आधी नखाने काचेवर टिचकी मारायची, म्हणजे अडकलेला काटा सुटतो. मग बघायचं. "हवेला वजन असतं शालन," ते म्हणायचे, "आणि ते दिवसातनं दोनदा चढतं, दोनदा उतरतं. आपल्याकडं सकाळी धाच्या सुमाराला काटा वर, दुपारी चारच्या सुमाराला खाली. रोजचं हाय ते, त्याला भ्यायचं न्हाई. पण सकाळी धाला काटा चढला न्हाई, तर समज कुणीतरी हवा वढून घ्यायला लागलंय." वादळ म्हणजे काय, हे त्यांनी मला पिठाच्या परातीत पाणी घेऊन बोटाने गरगर फिरवून दाखवलं होतं. मधे खळगा पडतो, कडेचं पाणी त्याभोवती धावतं. खळगा जेवढा खोल तेवढा वारा जोरात. वादळ लांब असतं तेव्हा काटा सावकाश उतरतो आणि वारा बरा वाटतो. जवळ येऊ लागलं की काटा भराभरा उतरतो आणि वारा पिसाळतो. "आधी काटा, मागनं वारा," हे त्यांचं वाक्य मला पाढ्यासारखं पाठ झालं. आणि वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळ डाव्या हाताला, जरासं पुढे. आता माझा नातू मोबाईलवर तो रंगीत भोवरा दाखवतो, आजी बघ, इतका दाब, इतका वारा, उद्या किनाऱ्याला लागणार. मी बघते, छान म्हणते, आणि तो गेल्यावर भिंतीवरच्या काचेला टिचकी मारून येते.

त्या यंत्रापायी आप्पांची शोभा झाली ती एका उन्हाळ्यात. काटा उतरला होता, आप्पांनी सांगितलं, वादळ येतंय, घड झाकून घ्या, जमलं तर उतरवा. तात्याने तेव्हा त्यांचं ऐकलं. अर्धी बाग आंबट असतानाच उतरवली. आणि वादळ दुसरीकडेच वळलं, आमच्याकडे साधा थेंब नाही. काटा खोटं बोलला नव्हता, पण ते कोणाला सांगणार? तात्याचं नुकसान झालं हे खरंच आहे, तो चिडला हेही मला समजतं. घरी येऊन त्याने आप्पांना चार शिव्या दिल्या असत्या तर मी हा राग एवढी वर्षं सांभाळला नसता. त्याने ते केलं नाही. भावकीतल्या एका लग्नात आप्पा पंगतीत बसले होते, भात वाढून झाला होता, आणि तात्या वाढपी पोरांना ओरडून म्हणाला, "आरं, म्हादूला दोन पत्रावळ्या द्या. एक जेवायला आन् एक डोस्क्यावर धरायला. गारा पडत्याल!" सगळी पंगत हसली. माणसं घास हातात धरून हसली. समोर बायकांच्या पंगतीत मी बसले होते, चौदा-पंधरा वर्षांची. आप्पांनी हात झटकला, पाण्याचा तांब्या घेतला आणि भरल्या पानावरून उठून गेले. मी तात्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, तुझी जिरवली नाही तर नावाची शालन नाही.

त्यानंतर आप्पांनी काट्याकडे बघणं सोडलं. यंत्र भिंतीवर होतं, पण त्याच्यासमोरून जाताना ते मान फिरवायचे. मीच रोज टिचकी मारायची. ते बाजेवर पाठ करून पडलेले असायचे आणि दहा वाजले की भिंतीला विचारल्यासारखं विचारायचे, "चढला का?" मी म्हणायची, "चढला." मग ते उठून कामाला जायचे. असं दोन वर्षं चाललं.

आता बेदाण्याचं सांगायला हवं. आमच्याकडे द्राक्षं तोडून औषधाच्या पाण्यात बुडवतात आणि शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरतात. वर पत्रा, चारी बाजूंना हिरवी नेट आणि पावसापुरती ताडपत्री. ऊन लागू द्यायचं नाही, वाऱ्यावर वाळवायचं. त्यामुळे बेदाणेवाल्याला वारा म्हणजे देव. कोरडा वारा, तोही उगवतीचा सुटला की आमच्याकडची माणसं हात जोडतात, नेट गुंडाळून शेड मोकळी करतात, म्हणजे माल दोन दिवस आधी निघतो आणि रंग हिरवा राहतो. आमची स्वतःची शेड नव्हती. आमची एकच बाग, आणि त्या वर्षी पाण्याच्या ओढाताणीमुळे माल उशिरा आलेला. आईने नाक मुठीत धरून तात्याच्या शेडमध्ये शेवटच्या टोकाच्या जाळ्या मागून घेतल्या होत्या. आमचं सगळं वर्ष त्या जाळ्यांवर पसरलेलं होतं.

मे महिना संपत आला होता. बातम्यांत समुद्रात वादळ असल्याचं सांगत होते, पण ते किनाऱ्याला लागेल की बाहेरच्या बाहेर जाईल हे अजून नक्की नव्हतं. तात्या शेडच्या दारात बसून म्हणायचा, "समुद्र कुटं आन् आपण कुटं!" आणि त्याच दिवशी उगवतीचा वारा सुटला. काय वारा होता तो! कोरडा, एकसारखा, दोरीवरचं लुगडं घटकेत वाळावं असा. तात्याने लगेच नेट गुंडाळायला लावली. सगळा मळा खुश होता. माझं लक्ष मात्र घरात होतं, कारण आदल्या दुपारी काटा रोजच्यापेक्षा जास्त उतरला होता. सकाळी दहाला मी टिचकी मारली. पुन्हा मारली.

"चढला का?" आप्पांनी विचारलं.

मी तिसऱ्यांदा टिचकी मारली.

"शालन, चढला का?"

"न्हाई आप्पा. हाय तिथंच हाय. उलट उतरलाय जरा."

दोन वर्षांत पहिल्यांदा ते उठून यंत्रासमोर उभे राहिले. काचेवर हात ठेवला. मग अंगणात गेले, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि डावा हात लांब केला. तो हात कोकणाकडे, दक्षिणेच्या अंगाने गेला. आई भाकरी टाकून दारात आली होती. तिने एवढंच विचारलं, "काय करायचं?"

"आपला माल खाली घ्यायचा. आजच."

"वला हाय आजून. चिकट हाय. खाली घेतला आन् वादळ न्हाई आलं, तर काळा पडंल. मग?"

"मग मी गाव सोडतो," आप्पा म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

आईने त्यांच्याकडे बघितलं आणि पदर खोचला. तिचा त्या काट्यावर विश्वास होता असं मला वाटत नाही. तिचा नवऱ्यावर होता. त्या एका दिवसात आमचं वर्ष आणि आप्पांची उरलीसुरली अब्रू, दोन्ही पणाला लागलं होतं, आणि ती बाई टोपल्या शोधायला लागली.

मग आप्पांनी मला जवळ बोलावलं. "तात्याला सांगून ये. ताडपत्र्या बांध म्हणावं. उगवतीची बाजू आधी झाक. वारा आत घुसला तर पत्रा उचलंल."

मला खरंच वाटेना. "त्याला? त्याला कशाला सांगायचं? बुडू द्या की!"

"समुद्रावर दुश्मनाच्या बोटीला बी वादळ सांगायचं असतं. जा. आन् हे बग, माजं नाव घिऊ नकोस. बातम्यांत सांगितलं म्हण. माजं नाव घेतलंस तर त्यो मुद्दाम ऐकायचा न्हाई. बातम्यांत म्हणलीस तर ऐकंल."

मी वाटेने जाताना हे वाक्य डोक्यात घोळवत होते. माझं नाव घेतलंस तर तो ऐकणार नाही. आप्पांनी मला कुलूप दाखवलं होतं आणि किल्लीही हातात दिली होती. वारा पाठीवर होता, परकर पायांत गुंडाळत होता, आणि शेडपर्यंत पोचेतो माझं ठरलं होतं.

शेडमध्ये जाळ्या हलवणाऱ्या बाया होत्या, गडी होते, माल बघायला आलेला एक व्यापारी खुर्चीवर बसून चहा पीत होता. काकू, तात्याची बायको, निवडायला बसली होती. मी दारातच उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तात्या, आमच्या आप्पांनी सांगून पाठवलंय. वादळ येतंय. काटा चढला न्हाई. उगवतीच्या बाजूला ताडपत्र्या बांधा, न्हाईतर पत्रा जाईल. आप्पांनी सांगितलंय."

दोनदा नाव घेतलं. एक शब्द खोटा नव्हता. आणि माणसाच्या तोंडावर जे व्हायला हवं होतं तेच झालं. तात्याने व्यापाऱ्याकडे बघितलं, मिशीवर हात फिरवला आणि खो खो हसला. "ऐकलं का शेट? आमच्या म्हादूच्या घड्याळात वादळाचे ठोके पडल्यात! ए पोरांनो, ती मागची बी नेट काढा रं. समदी शेड मोकळी करा. असला वारा पुन्हा न्हाई यायचा." काकू हळूच म्हणाली, "आवं, निदान एका बाजूला तरी—" "तू गप बस. एकदा ऐकलं त्याचं, पोटभर झालं." मी म्हटलं, "मग आमच्या जाळ्या आमी खाली घेतो." तात्या म्हणाला, "घ्या की. चिखल खावा वर्षभर."

दुपारपासून आम्ही तिघं तो माल उतरवत होतो. अर्धा वाळलेला बेदाणा हाताला गुळासारखा चिकटतो, माश्या घोंगावतात, पाठीचा काटा ढिला होतो. शेडमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. आप्पा खाली मान घालून टोपल्या वाहत होते. दिवेलागणीपर्यंत आमच्या दोन्ही खोल्या भरल्या, आईच्या साड्यांवर, बाजेवर, बाजेखाली, देवळीपुढे, सगळीकडे बेदाणाच बेदाणा. आम्ही ओट्यावर झोपलो आणि घरभर तो आंबूस गोड वास कोंडून राहिला.

दुसऱ्या सकाळी वारा आणखी वाढलेला, तरी आभाळात पाऊस नाही. तात्या मोटरसायकलवरून जाताना थांबला आणि रस्त्यावरून ओरडला, "ओ नेव्हीवाले, वादळाची यष्टी चुकली का?" आप्पा आत यंत्रापुढे स्टूल टाकून बसले होते. ते बाहेर आले नाहीत. काटा आता डोळ्यांदेखत उतरत होता. टिचकी मारली की खाली, टिचकी मारली की खाली. दुपारी वारा दक्षिणेकडून यायला लागला, झोतावर झोत यायला लागले आणि आप्पा म्हणाले, "किनारा वलांडला त्यानं. घाट चढतंय." मग मावळतीकडून आभाळ काळं करत पाऊस आला, आडवा, भिंतीवर खडे मारल्यासारखा.

आम्ही दार आतून पाटा लावून धरलं होतं. आमचा पत्रा थरथरत होता, पण आप्पांनी सकाळीच त्यावर दगड आणि वाळूची पोती ठेवली होती, दारं-खिडक्या चोंदल्या होत्या. तेवढ्यात मळ्याकडून असा आवाज आला की आईने देवळीकडे हात जोडले. मोकळ्या शेडमध्ये वारा एका बाजूने शिरला, त्याला दुसरीकडून निघायला फुरसत मिळाली नाही आणि त्याने सगळा पत्रा वर उचलला. खिडकीच्या फटीतून मी बघितलं. पत्रे उडत होते, जाळ्या पिळवटत होत्या. मी हसले का? हसले. तोंडावर हात ठेवून हसले. कोणी मला राक्षसीण म्हणायचं तर म्हणावं.

पाऊस ओसरल्यावर आप्पा सगळ्यांत आधी तिकडे पळाले. कोणाला लागलं नव्हतं, गडीमाणसं वेळेवर पंपाच्या खोलीत शिरली होती. माल मात्र सगळा चिखलात. काकू गुडघ्यावर बसून चिखलातून एकेक मूठ वेचत होती. तिने माझं काही वाईट केलं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसून वेचू लागले. तात्याकडे मी बघितलंही नाही. आप्पा मात्र त्याच्याबरोबर पत्रे ओढत होते, जणू पंगतीतलं ते काही घडलंच नव्हतं. मला त्यांच्या त्या चांगुलपणाचाही राग आला.

दोन दिवसांनी तात्या आमच्या घरी आला. आत बेदाणा पसरलेला, तेव्हा तो दारातच उभा राहिला. चेहरा उतरलेला, मिशी ओघळलेली. वस्तीवरची चार माणसं अंगणात होती. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "म्हादू, तू पोरीबरं सांगून धाडलं हुतंस. तुजं नाव घिऊन सांगितलं तिनं. चारचौघांत. मी ऐकलं न्हाई. लय चुकलो गड्या. माफ कर."

आप्पांची मान सावकाश माझ्याकडे वळली. त्यांना सगळं कळलं. मी काय केलं, का केलं, सगळं. मी नजर खाली घातली नाही. ते एक शब्दही बोलले नसते तरी चाललं असतं, पण ते खरं बोलणारे होते, आणि एक क्षण मला वाटलं, आता हे सांगणार की मी असं सांगायला सांगितलंच नव्हतं. आप्पा तात्याकडे वळून म्हणाले, "व्हय. मीच सांगून धाडलं हुतं. बस." आईने चहा ठेवला. तात्या बसला, बशी हातात धरून रडला, मग गेला.

माणसं पांगल्यावर आप्पा ओट्यावर आले. मी तांदूळ निवडत होते.

"नगं म्हणलं हुतं नव्हं, माजं नाव घिऊ नकोस म्हणून?"

"म्हणला हुता."

"त्याचं समदं वर्ष गेलं शालन. वहिनीचं बी गेलं."

"काकूचं वाईट वाटतंय मला."

"आन् त्याचं?"

मी सूप खाली ठेवलं. "त्यानं तुमची माफी मागितली आप्पा. चार माणसांदेखत, आपल्या दारात. बातम्यांचं नाव घेतलं असतं तर त्यानं बातम्यांची मागितली असती."

त्या दिवसापासून पावसाळा सुरू होईपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि मी ते सोसलं. पण त्या संध्याकाळी, तेवढ्यातच, आत जाता जाता ते उंबऱ्यात थांबले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बरं वाटलं तुला?"

"लय," मी म्हणाले. "तुमाला?"

आप्पांनी उंबऱ्यापलीकडे पाय टाकला. मग म्हणाले, "व्हय," आणि आत गेले.